बंधाऱ्याकाठची शाळा : नांदूर मध्यमेश्वर आणि मुलांचे निसर्गशिक्षण

नाशिक जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला नांदूर मध्यमेश्वर हे नाव बहुधा पावसाळ्यातील बातम्यांतून ठाऊक असते. गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सोडले, की नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून इतके क्युसेक विसर्ग जायकवाडीकडे सुरू आहे, असा मजकूर छापून येतो. पाऊस ओसरला की आकडे थांबतात आणि दिवाळीनंतर तेच नाव वर्तमानपत्राच्या दुसऱ्या पानावर अवतरते. या वेळी पाहुण्या पक्ष्यांच्या छायाचित्रासह. निफाड तालुक्यातील गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा हा जलाशय पाटबंधारे खात्याचा बंधारा आहे, वन खात्याचे अभयारण्य आहे आणि शाळांच्या सहलींचे ठिकाणही आहे. यांपैकी पहिल्या दोन भूमिकांविषयी पुष्कळ लिहिले गेले. तिसरीविषयी फारसे नाही. सहलीच्या बसगाड्या येतात, मुले मनोऱ्यावर चढतात, डबा खातात आणि परततात. या तीन-चार तासांत शिक्षण कितपत होते आणि ते व्हावयाचे असेल तर काय करावे लागेल, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

जलाशयाचा इतिहास मुलांना सांगण्यासारखा आहे, कारण त्यात निसर्ग आणि माणूस यांना निरनिराळ्या धड्यांत बसवता येत नाही. गोदावरीच्या डाव्या व उजव्या कालव्यांना पाणी देण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी, ब्रिटिश अमदानीत, येथे बंधारा बांधला गेला. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील कोरड्या मुलखास पाणी मिळावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. पुढे नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्याच्या मागे साचत गेला, पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. अभियंत्याच्या हिशेबात जी तूट होती, ती पाणपक्ष्यांच्या हिशेबात जमा झाली. ज्येष्ठ पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी या जागेला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हटल्याचे सांगितले जाते. १९८६ साली सुमारे १०० चौरस किलोमीटरचा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत येथील १,४३७ हेक्टर क्षेत्राचा समावेश २०१९ मध्ये झाला व जानेवारी २०२० मध्ये तो जाहीर करण्यात आला. महाराष्ट्रातील हे पहिले रामसर स्थळ. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतर आली.

रामसरच्या नोंदीनुसार येथे ५३६ जीवजाती आढळल्या आहेत. याच नोंदीत जलपर्णीचे आक्रमण आणि पाण्याचा उपसा हे धोकेही लिहिले आहेत. सहलीच्या माहितीपत्रकात पहिला आकडा असतो, दुसरा भाग बहुधा नसतो.

पुस्तकातील परिसर

पर्यावरण शिक्षणाबाबत कागदावर कसलीच उणीव नाही. १९७७ साली तिबिलिसी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पर्यावरणात राहून, पर्यावरणाविषयी व पर्यावरणासाठी शिक्षण द्यावे, या विचाराला जगभर मान्यता मिळवून दिली. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करण्याचे निर्देश दिले आणि २००३ मध्ये अंमलबजावणीसाठी पुन्हा कान उपटले. २००१-०२ पासून केंद्राची राष्ट्रीय हरित सेना शाळाशाळांत स्थापन झाली; महाराष्ट्रात तिचे काम सामाजिक वनीकरण विभागाकडे आले. प्राथमिक शाळेत ‘परिसर अभ्यास’ या नावाचे पुस्तक आहे. कनिष्ठ महाविद्यालयात पर्यावरणाचा प्रकल्प आणि प्रकल्पवही आहे.

या प्रकल्पवहीचे काय होते, हे शहरातील प्रत्येक पालकास ठाऊक आहे. स्टेशनरीच्या दुकानात चित्रांचे तक्ते मिळतात, संगणकावरून मजकूर उतरवला जातो आणि नदीप्रदूषणावरचा प्रकल्प नदीकडे न पाहता पूर्ण होतो. सक्ती झाली, गुण ठरले, आणि परिसर तेवढा पुस्तकात राहिला.

वास्तविक वर्गाबाहेरची शाळा महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी जे प्रयोग केले, त्यांत ‘कुरणशाळा’ होती. मुले गुरे राखण्यास जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच कुरणावर जावे, अशी ती साधी आणि धाडसी कल्पना. मुलाच्या दिवसभराच्या जगण्यातच पाठ्यवस्तू शोधावी, हे सूत्र तेथे होते. स्वीडनमध्ये १९५७ पासून ‘स्कोग्समुले’ नावाच्या काल्पनिक वनबाळाच्या साथीने लहान मुलांना जंगलात नेण्याची चळवळ रुजली, डेन्मार्क-जर्मनीत वनबालवाड्या निघाल्या. या युरोपीय प्रयोगांचे कौतुक आपल्याकडे होते. कोसबाडच्या टेकडीचे स्मरण त्या मानाने कमीच.

नावांची शाळा

पक्षी दाखवणे हा बाह्य निसर्गशिक्षणाचा सर्वांत सोपा दरवाजा मानतात, आणि नांदूर मध्यमेश्वर येथे तो खरोखरच सताड उघडा असतो. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत उत्तरेकडील बदके, क्रौंच, किनारपक्षी येथे उतरतात. चापडगाव येथे निरीक्षण मनोरे आहेत, गावातील तरुण मार्गदर्शक म्हणून सोबत येतात. तथापि शंभर मुलांच्या रांगेतून एकेकाने दुर्बिणीला क्षणभर डोळा लावला, तर ‘पाण्यात काहीतरी काळे दिसले’ यापलीकडे हाती काही लागत नाही.

अशा वेळी मराठी नावे मोठी मदत करतात. वारकरी हा काळा पक्षी पाण्यावर थव्याने असतो आणि त्याच्या कपाळी पांढरा टिळा असतो. हळदी-कुंकू बदकाच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि बुडाशी दोन तांबडे ठिपके असतात. नाव ऐकून मूल ते ठिपके शोधू लागते. तलवार बदकाची शेपटी, थापट्याची पसरट चोच, चमच्याचा चमचा, शेकाट्याचे काटकीसारखे लांब लाल पाय, पाण्यावरच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी: ही नावे म्हणजे पाहणाऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या केलेल्या निरीक्षणाची टिपणे आहेत. इंग्रजी नावांची यादी पाठ करवून घेणाऱ्या शाळांनी हे धन हातचे घालवले आहे. दिवंगत मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील दीर्घ नोकरीत आदिवासी, पारधी, कोळी यांच्याकडून अशी नावे गोळा केली, ‘पक्षिकोश’ सिद्ध केला आणि कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वीणवसाहतीला ‘सारंगागार’ असे शब्द घडवून दिले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला सप्ताह राज्य शासनाने २०२० मध्ये पक्षी सप्ताह म्हणून घोषित केला. नांदूर मध्यमेश्वरचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होत असतो.

नाव कळल्यावर पुढचा प्रश्न विचारावा लागतो आणि शिक्षणाची खरी सुरुवात तेथून होते. शेकाट्या घोटाभर पाण्यात का उभा, आणि लालसरी खोल पाण्यात का? तलवार बदक डोके बुडवून शेपूट वर करते, लालसरी पूर्ण बुडी मारते, थापट्या पृष्ठभाग गाळत पोहतो, चमचा चोच डावी-उजवीकडे फिरवत चालतो. एकाच जलाशयात इतक्या जाती भांडण न करता कशा नांदतात, याचे उत्तर मुलांना फळ्यावर न लिहिता मिळते. त्यांनी तासभर एका जागी बसून कोणता पक्षी किती खोल पाण्यात आणि काय करताना दिसला, एवढे लिहिले तरी पुरे. शिक्षकाला येथे फार बोलावे लागत नाही. त्याला गप्प बसवणे हेच कधीकधी अवघड ठरते.

मोजणीचेही तसेच आहे. हजारो बदकांचा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा पक्षी मोजायचे, त्यांनी किती जागा व्यापली ती नजरेत धरायची, तशा किती जागा थव्यात बसतात ते पाहायचे आणि गुणाकार करायचा. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, तीही मुख्यतः हौशी निरीक्षकांच्या बळावर आणि अशाच रीतीने. देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या नोंदींवर उभा आहे. त्यांपैकी बहुतेक जण शास्त्रज्ञ नाहीत. सातवीतील मुलीने तारीख, वेळ, जागा आणि संख्या नीट लिहिली, तर तिची नोंद या कामी येऊ शकते. तिच्या गणिताच्या वहीतील एकाही उत्तराला हे भाग्य लाभत नाही.

नदीचा पत्ता

मात्र पक्ष्यांपाशीच थांबले तर शहरी मुलाच्या मनात एक गैरसमज पक्का होतो: निसर्ग चाळीस किलोमीटरवर असतो, आणि तेथे तिकीट काढून जावे लागते. नाशिकहून येणारी बस ज्या दिशेने येते, त्याच दिशेने नाशिकचे सांडपाणीही येते. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी गंगापूर धरणातून शहरात शिरते, रामकुंडावरून तपोवनाकडे जाते, शहराचे प्रक्रिया झालेले आणि न झालेले पाणी घेते, निफाड तालुक्यात दारणेला सामावून चांदोरी-सायखेड्यावरून बंधाऱ्यापाशी पोहोचते. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद हे मूळच्या दक्षिण अमेरिकेतील जलपर्णीचे, म्हणजे नाशिककर जिला पाणवेली म्हणतात तिचे, उत्तम खाद्य आहे. तिच्या थरामुळे पाण्यात प्रकाश पोहोचत नाही, प्राणवायू घटतो. पुरासोबत वाहत आलेली पाणवेल सायखेड्याच्या पुलाला अडकते आणि पुढे बंधाऱ्यात पसरते. मनोऱ्यावरून दिसणाऱ्या हिरव्या गालिच्याचा एक धागा मुलाच्या स्वतःच्या न्हाणीघरापर्यंत जातो. हे त्याला कळावे अशी तजवीज सहलीत कोणी सहसा करत नाही.

ती करणे अवघड नाही. बस थेट चापडगावला नेण्याऐवजी तीन ठिकाणी थांबवावी: गंगापूर धरणाखाली, तपोवनानंतर आणि सायखेड्यास. शिक्षकाने हातमोजे घालून प्रत्येक ठिकाणचे पाणी काचेच्या बाटलीत भरावे, पारदर्शकता आणि वास यांची नोंद मुलांनी करावी, प्राणवायू मोजण्याचा साधा संच मिळाल्यास उत्तम. चौथी बाटली बंधाऱ्यावर भरावी आणि चारही एका रांगेत ठेवाव्यात. त्यानंतर भाषणाची गरज फारशी उरत नाही.

या पद्धतीला एक जुना आधारही आहे, आणि तो मुंबईशी निगडित आहे. स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. डोंगरापासून समुद्रापर्यंत नदीचे खोरे सलग पाहावे, त्यात माणसांचे व्यवसाय, गावे आणि शहरे कोठे व का वसली ते वाचावे, म्हणजे भूगोल, इतिहास व जीवशास्त्र यांच्या भिंती आपोआप पडतात, असे त्यांचे म्हणणे होते. विद्यापीठांनी त्यांचे नगरनियोजन ठेवले. नदीकाठाने चालण्याची शिस्त सोडून दिली.

गावातील मुले

बाह्य निसर्गशिक्षणाच्या चर्चेत आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. ज्या जागी शहरातील मुले वर्षातून एकदा येतात, तेथे चापडगाव, मांजरगाव, खानगाव थडी, करंजगाव, कोठुरे या गावांतील मुले रोज असतात. त्यांना ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ नेण्याची आवश्यकता नाही. कोणत्या महिन्यात पाणी उतरते, कोठे चिखल धोक्याचा आहे, मासे कोठे मिळतात, उसाच्या फडात बिबट्या असल्याचे कुत्र्यांच्या भुंकण्यावरून कसे ओळखावे, हे त्यांना ठाऊक आहे. या माहितीला शाळेत ज्ञान म्हणत नाहीत, एवढीच अडचण. निफाड ही न्यायमूर्ती रानडे यांची जन्मभूमी. येथील शाळांना गावाच्या या थोर पुत्राची चार वाक्ये बोलता येतील अशी मुले हवी असतात, आणि ते योग्यच आहे. पण ज्या मुलाला तलावाचा तळ पाठ आहे, त्याला त्याविषयी विचारणारा प्रश्न कोणत्याच प्रश्नपत्रिकेत नसतो.

शिवाय गावातील मुलांच्या घरी या पाण्याविषयी मतभेद आहेत आणि ते शिकण्यासारखे आहेत. गाळामुळे बंधाऱ्याची क्षमता घटली, त्यामुळे पुराच्या वेळी पाण्याचा फुगवटा मागे येतो, अशी वरच्या गावांची तक्रार आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात चांदोरी आणि सायखेडा यांची काय अवस्था झाली, हे तेथील मुलांनी पाहिले आहे. गाळ काढा, ही मागणी अशा अनुभवातून येते. दुसऱ्या बाजूस, गाळाच्या उथळ पट्ट्यांवरच शेकाट्या, चमचे आणि किनारपक्षी जगतात. सरसकट गाळ उपसला तर पाणी राहील, पण हे पक्षी राहतील असे नाही. क्रौंचांचे थवे काठच्या शेतांत उतरतात तेव्हा छायाचित्रकार खूश असतो, शेतकरी नसतो. कालव्याचे आवर्तन सुटले की पाणी घटते आणि चिखल उघडा पडतो. बागायतदारास हवी असलेली तारीख पक्ष्यांच्या सोयीची असेलच असे नाही, आणि खाली मराठवाडाही पाण्याची वाट पाहत असतो.

हे सारे आठवीच्या मुलांना झेपणार नाही, असे मानणारे शिक्षक आहेत. मुलांसमोर वाद ठेवू नयेत, त्यांना निसर्गाविषयी प्रेम वाटू द्यावे, असे त्यांचे मत. लहान वयात ते बरोबरही आहे: सहा वर्षांच्या मुलाला टिबुकलीची बुडी पुरते. परंतु तेरा वर्षांच्या मुलाला नुसते प्रेम शिकवले, तर ते पहिल्याच पुरात किंवा पहिल्याच नुकसानीत आटते. शहरातील आणि गावातील मुलांना एका मनोऱ्यावर बसवून ‘गाळ काढावा काय’ या एका प्रश्नावर दोन्ही बाजू मांडायला लावणे, हा या जलाशयाचा कदाचित सर्वांत मोलाचा उपयोग ठरेल. जैवविविधता कायदा २००२ नुसार स्थानिक संस्थांनी लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. अशा नोंदी करण्याच्या कामात शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना सामावून घ्यावे, असा माधव गाडगीळ यांचा आग्रह होता. गावातील मुलांची माहिती या नोंदवहीत गेली, तर तिला निदान शासकीय कागदाचा मान मिळेल.

वर्षातून चार वेळा

एका फेरीत निसर्गाचे शिक्षण होत नाही, कारण निसर्गातील मुख्य गोष्ट बदल ही आहे, आणि बदल पाहण्यास किमान दोन भेटी लागतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत, असे सुचवले. त्यांपैकी चार दिवस चार निरनिराळ्या ठिकाणी उधळण्यापेक्षा एकाच पाणथळ जागी, एकाच मनोऱ्यावर, त्याच वहीसह घालवले तर अधिक लाभ आहे. गट वीस-पंचवीस मुलांचा असावा. पहाटे लवकर निघावे. दहानंतर उन्हात पक्षी विसावतात आणि मुलेही कंटाळतात. भडक कपडे, ध्वनिक्षेपक आणि वेफर्सच्या पिशव्या घरी ठेवाव्यात. मनोऱ्यावर दोन दुर्बिणी असतील तर उरलेल्या मुलांना चित्र काढण्याचे काम द्यावे. चित्रकलेतील गती येथे गौण आहे, पाहणे भाग पडते हे महत्त्वाचे.

सुरक्षेविषयी दुर्लक्ष अक्षम्य होय. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ मुले व २ शिक्षिका दगावल्या. त्यानंतर पाण्याकाठच्या सहलीच नकोत, असे अनेक शाळांना वाटले तर नवल नाही. नांदूर मध्यमेश्वर येथे शिकण्यासाठी पाण्यात उतरण्याची किंवा नौकेत बसण्याची गरज नाही. काठापासून अंतर, मोजकी मुले, स्थानिक मार्गदर्शक आणि दर दहा मुलांमागे एक मोठा माणूस, एवढे पथ्य पाळावे.

चार भेटींपैकी पहिली ऑक्टोबरात, बदकांचे पहिले थवे येताना. दुसरी डिसेंबरच्या अखेरीस, निफाडचा पारा राज्यातील नीचांकाच्या बातम्यांत झळकत असताना. तिसरी फेब्रुवारीत, जागतिक पाणथळ दिनाच्या सुमारास. चौथी भेट एप्रिलमध्ये असावी. तेव्हा बसगाड्या नसतात, चक्रवाक लडाख-तिबेटच्या वाटेला लागलेले असतात, पाणी मागे सरून भेगाळलेला गाळ दिसतो. टिटवीने उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये घातलेली चार अंडी त्या दिवसांत सापडू शकतात. ती खड्यांसारखीच दिसतात, म्हणून मुलांनी एकामागे एक, पायाखाली पाहत चालायचे असते.